मामंजी गवतात गेले तो हंगाम

दसरा उलटला की आमच्या डोंगरांचा रंग उतरायला लागतो. पावसाळाभर डोळ्यांत भरलेला हिरवा हळूहळू विटतो, कमरेएवढं वाढलेलं गवत आधी पिवळं आणि मग तांबूस होतं. वारा आला की सगळा उतार एकदम एका कुशीवर वळतो. खाचरांतलं भात कापून झालं की माणसं त्याच विळ्यांना धार लावून डोंगरावर चढतात. मग महिना-दीड महिना हवेत एकच वास असतो, कापलेल्या गवताचा. तो कपड्यांत बसतो, केसांत बसतो, ताकालासुद्धा लागतो. काल आंबेनळीकडून गवताच्या गाड्या उतरताना दिसल्या. महाडच्या बंदरावर गवत उतरवायचं, तिथून पडावात भरून मुंबईला धाडायचं. मुंबईच्या घोड्यांना आणि तबेल्यांतल्या म्हशींना आमचे डोंगर लागतात.

लोकांना हे दिवस आवडतात. पाऊस संपलेला, ऊन कोवळं, घरात नवं भात. मला मात्र या दिवसांत थकल्यासारखं होतं. काम फारसं नसतं. सकाळची आवराआवर झाली की मी पडवीत टेकते आणि समोरच्या उताराकडे पाहत राहते. कापणारी माणसं रांगेने वर सरकत असतात, त्यांच्या मागे डोंगर भादरल्यासारखा उघडा पडत जातो. मुलगी विचारते, "आई, बरं वाटत नाही का?" बरं वाटत असतं. थकवा आजचा नाही, एवढंच. तो एका जुन्या हंगामातला आहे आणि दर वर्षी गवताबरोबर वर येतो.

मी महाडची. वडील कचेरीत कारकून होते. मी लहान असताना काही वर्षं त्यांची बदली किनाऱ्यावरच्या एका गावी झाली होती आणि तिथे मुलींची शाळा म्हणजे मिशनची, दुसरी नव्हती. पुढे परत महाडला आलो आणि तिथून माझं लग्न पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या या वाडीत झालं. सासरे गावचे खोत. मी त्यांना मामंजी म्हणे, गाव त्यांना आण्णासाहेब म्हणे. कुळांच्या तोंडी ते 'आण्णासायब' होई.

मामंजींचा दरारा असा, की घरासमोरून जाताना माणसं छत्री मिटत. धो धो पावसातही मिटत आणि भिजत पुढे जात. पायातली वहाण हातात येई. मी नवी नवरी असताना हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, इथे एखादं देऊळ असावं. देऊळ कुठलं, ओटीवर मामंजी बसलेले असत.

ते वाईट नव्हते. हे मी सून म्हणून सांगत नाही. रागीट होते, पण कुणाच्या पोरीबाळीकडे त्यांनी वाकडी नजर टाकली नाही, घरात कुणावर हात उगारला नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं. संध्याकाळी अंगणाच्या कडेला उभं राहून ते समोरचा सगळा मुलूख न्याहाळत. उतारावरची खाचरं, बांध, आंब्याची कलमं, वरचा डोंगर. आणि जो कुणी जवळ असेल त्याला सांगत, "माझ्या बापाच्या वेळी इथे नुसता खडक होता. हे सगळं मी केलं. मी." त्या खडकातून ज्यांनी दगड उपसले ती माणसं कधीकधी तिथेच खाली मान घालून उभी असत. त्यांनाही मामंजी तेच सांगत आणि ती माना डोलवत.

त्या वर्षी गवत फार चांगलं आलं होतं. महाडच्या व्यापाऱ्याने भाव बरा सांगितला आणि मामंजींनी ठरवलं, की वरच्या उतारावरचं सगळं गवत या खेपेस बंदरावर जाणार. तो उतार खोतीचाच, पण त्याच्या एका बाजूचं गवत कुळं आपल्या गुरांसाठी कापून नेत आणि त्याला कधी कुणी हरकत घेतली नव्हती. गोविंदा म्हणून एक म्हातारं कूळ होतं. चार माणसांना घेऊन तो अंगणात आला. मी माजघराच्या दारातून ऐकत होते.

"आण्णासायब, गुरांपुरता तरी ठेवा. उन्हाल्यात गुरां खातील काय?"

"पेंढा आहे की भाताचा."

"पेंढा कुठवर पुरायचा? शिमग्यालाच सरतो."

"मग विका गुरं."

"आण्णासायब, गुरां इकली तर नांगर कोन वढंल?"

मामंजी हसले. चांगले मोठ्याने हसले. "तुम्ही ओढा," म्हणाले. "आणि गुरांना गवतच पाहिजे असेल तर माझ्या डोळ्यांदेखत येऊन मागायला सांग. बघू दे मला, गुरं मागतात कशी ते."

पाचही जण माघारी फिरले. अंगण ओलांडेपर्यंत गोविंदाने वहाणा हातातच धरल्या होत्या.

पुढे जे झालं त्याचा या बोलण्याशी संबंध लावायचा की नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. गावाने लावला. सासूबाईंनी कुणाची तरी करणी म्हटलं. वैद्यांनी वात म्हटलं. झालं ते असं, की आठ-पंधरा दिवसांत मामंजींना हिवताप भरला. आमच्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस तो घरोघर असतो, पण हा मोठा होता. ताप डोक्यात गेला. ते बडबडत, उठून पळत, आम्ही धरून निजवत असू. दिवाळीच्या सुमाराला ताप उतरला. अंग गार झालं, नाडी सुधारली, आणि आम्ही देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, ओटीवरून उतरले आणि कुणाकडे न पाहता चालत वरच्या उतारावर गेले. तिथे गवतात बसले.

बोलावलं तर येत ना. हाक मारली तर वळून पाहत, पण ओळख नाही. सासूबाई स्वतः चढून गेल्या. "अहो, घरी चला," म्हणाल्या. त्यांच्याकडेही त्यांनी गवताच्या काडीकडे पाहावं तसंच पाहिलं. हातात गवत होतं. ते चावत होते.

मिशनच्या शाळेत आम्हाला रेचेलबाई शिकवीत. आपल्याच मराठी ख्रिस्ती, नऊवारी नेसणाऱ्या, अंगाने बारीक. शुक्रवारी दुपारी त्या गोष्ट सांगत. त्यातली एक बाबेलच्या राजाची होती. नबुखद्नेस्सर. हे नाव एका दमात म्हणण्याची आम्ही मुली पैज लावत असू. या राजाला स्वप्नात आभाळाला टेकलेलं एक झाड दिसलं. ते तोडायचा हुकूम वरून झाला, पण बुंधा मात्र जमिनीत ठेवायला सांगितलं. स्वप्नाचा अर्थ जाणणाऱ्याने राजाला सांगितलं, महाराज, ते झाड तुम्हीच. गर्व सोडा, गरिबांवर दया करा. राजाने ऐकून घेतलं. पुढे एकदा महालाच्या गच्चीवर फिरताना तो म्हणाला, हे एवढं थोर शहर मी माझ्या बळावर उभारलं. शब्द तोंडात होता तोवरच त्याची बुद्धी गेली. माणसांतून उठून तो रानात गेला, बैलासारखं गवत खाऊ लागला, दंवात भिजला, केस वाढले, नखं पाखरांच्या नखांसारखी झाली. सरतेशेवटी त्याने आभाळाकडे डोळे वर केले, तेव्हा त्याला शुद्ध आली आणि राज्यही परत मिळालं.

हे सांगताना रेचेलबाईंचा आवाज कापत असे आणि आम्हाला मजा वाटत असे. गवत खाणारा राजा! मधल्या सुट्टीत आम्ही चार पायांवर चालून दाखवत असू.

मामंजींना पाहिलं तेव्हा मला हे सगळं आठवलं. सासूबाईंना मी एकदाच म्हटलं, की अशी एक गोष्ट आहे आणि तिच्यातला राजा शेवटी बरा होतो. त्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या. "किरिस्तावांच्या गोष्टी या घरात नकोत," म्हणाल्या. जरा वेळाने पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बरा होतो म्हणालीस?"

गोष्टीत हे सगळं दोन वाक्यांत होतं. आमच्या घरी तो सगळा हंगाम चाललं. गोष्टीतल्या राजाच्या अंगाला वास येत नाही. मामंजींच्या येई. धोतर सोडून टाकत, ते पुन्हा गुंडाळावं लागे. ओठ गवताने कापलेले असत. न्हाव्याला जवळ येऊ देत नसत. दाढीत कुसळं अडकत, नखांत माती जाई. मी रोज दुपारी भात कालवून उतारावर नेत असे. पितळी डब्यात भात, लोट्यात पाणी, पदरात लहानगी मुलगी. चढ फार नव्हता, पण ती चढण माझ्या गुडघ्यांना आजही आठवते. काही दिवस ते जेवत, काही दिवस डबा उपडा करत. उपडा केला की सांडलेला भात गोळा करून मी तिथेच बसून राही. रडूही येत नसे. रडायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

एक गोष्ट मात्र त्यांच्यात शाबूत होती. मी डबा उघडला, की जेवणाआधी ते दोन्ही हात पुढे करत. मी पाणी घाली, ते हात धूत, पाणी झटकत आणि मग खात. बायकोला ओळखत नव्हते, स्वतःचं नाव सांगत नव्हते, पण हात धुतल्याशिवाय अन्नाला शिवले नाहीत. झाड तोडलं पण बुंधा ठेवला, याचा अर्थ मला त्या हातांवर पाणी घालताना लागला. माणसाचं सगळं जातं तेव्हा त्याची मोठी कर्तबगारी शिल्लक राहत नाही. आईने लहानपणी लावलेली एखादी सवय राहते.

चुलत सासऱ्यांनी कारभार हातात घेतला. खोत गवत खातो हे महाडपर्यंत गेलं होतं आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. दोन गडी घेऊन त्यांनी मामंजींना उतारावरून उचलून आणलं आणि मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. मामंजी दारावर डोकं आपटू लागले. ओरडत नव्हते, नुसता डोक्याचा आवाज. सासूबाई देवघरात कानांवर हात घेऊन बसल्या होत्या. जरा वेळाने उठल्या, चुलत सासऱ्यांच्या समोरून गेल्या आणि त्यांनी कडी काढली.

"वहिनी, काय करता हे? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या डोक्यातून रक्त येतंय."

दार उघडलं तसे मामंजी बाहेर पडले आणि पुन्हा उतारावर जाऊन बसले. मग असं ठरलं, की दिवसा त्यांना तिथेच राहू द्यायचं. पण दिवेलागणीला घरी आणणार कोण? थंडी सुरू झाली होती, रानात वाघराचा वावर होता. आम्ही बोलावलं तर येत नव्हते आणि उचलायला गेलं तर चावत होते.

त्यांना गोविंदाने आणलं. कुणी सांगितलं नव्हतं. तो आपली गुरं घेऊन त्याच वाटेने खाली येत असे. एके दिवशी मामंजींजवळ थांबून तो म्हणाला, "आण्णासायब, गुरां घराकडं निघाली. चला." एवढंच. मामंजी उठले आणि गुरांच्या मागून चालू लागले. गुरं आमच्या अंगणावरून पुढे गेली आणि मामंजी अंगणात शिरले.

त्यानंतर रोज तसंच. तिन्हीसांजेला घंटांचा आवाज यायचा, धूळ उठायची आणि त्या धुळीत गावचा खोत कुळाच्या गुरांमागून, उघड्या पायांनी घरी यायचा. सासूबाई दिवा घेऊन दारात उभ्या असत. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं होतं. नंतर फिरवलं नाही. एकदा गोविंदाला म्हणाल्या, "तुझे उपकार कसे फेडू रे?"

गोविंदा ओशाळला. "माजं काय हाय त्यात, आयसाब? गुरां येतातच. त्येंच्यासंगती ते बी येतात."

गवत कापणारे वर सरकत गेले. तो सगळा माल व्यापाऱ्याने आधीच बोलून ठेवलेला होता. मला धास्ती होती, उतार उघडा पडला की मामंजी जाणार कुठे? एका दुपारी भात घेऊन वर गेले तर डोंगर खालपासून वरपर्यंत बोडका झालेला आणि मधोमध गवताचा एक तुकडा जसाच्या तसा उभा. त्यात मामंजी. कापणारी एक बाई भारा बांधत होती. मी विचारलं, "हे का ठेवलंत?"

ती म्हणाली, "त्येंना ऊन लागंल ना गो वयनी. मानूस बसलाय थयसर." आणि भारा डोक्यावर घेऊन निघून गेली. व्यापाऱ्याचा माणूस कटकट करत होता. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

'हे' मुंबईला एका पेढीवर नोकरीला होते. ताप आला तेव्हा येऊन गेले, दिवाळीनंतर पुन्हा आले. वडिलांना गवतात पाहून ओक्साबोक्शी रडले आणि रजा संपली तसे परत गेले. जाताना म्हणाले, "तू आहेस म्हणून मी जाऊ शकतो." हे त्यांनी मनापासूनच म्हटलं. मी मान हलवली. त्या रात्री मात्र मनात आलं, मी आहे म्हणून सगळ्यांना जाता येतं. मामंजींनाही.

पौष लागला होता. दुपारची वेळ, ऊन उबदार. मी डबा उघडला, त्यांनी हात पुढे केले, मी पाणी घातलं. दोन घास खाऊन ते थांबले. डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"सूनबाई, मीठ कमी आहे."

मी लोटा तिथेच टाकला आणि पळाले. मुलगी पदरात रडत होती, पायांत काटे रुतत होते. अंगणातूनच ओरडले, "सासूबाई, मामंजी म्हणाले मीठ कमी आहे!" त्या तांदूळ निवडत होत्या. सूप मांडीवरून सरकलं, तांदूळ भुईवर पसरले आणि त्या तिथेच भिंतीला टेकून रडू लागल्या. राजाने आभाळाकडे पाहिलं होतं. आमच्या मामंजींनी डब्याकडे पाहिलं. शुद्ध कुठल्या वाटेने परत येईल ते सांगता येत नाही.

महिन्याभरात ते सावरले. न्हावी आला, दाढी झाली, नखं काढली. आपण कुठे होतो, घरी कसे येत होतो, हे त्यांनी आम्हा कुणाला विचारलं नाही. गोविंदाला बोलावून घेतलं आणि त्याला विचारलं. गोविंदाने जसं झालं तसं सांगितलं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुढल्या खेपेपासून वरच्या उताराची ती बाजू तुमच्या गुरांना." आवाज तोच, हुकमाचा. पण या वेळी गोविंदा निघाला तेव्हा ते ओटीवरून उतरले आणि अंगणाच्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले.

इथे गोष्ट संपायला हवी. रेचेलबाईंची इथेच संपे. राज्य परत मिळे, देवाची स्तुती होई, घंटा वाजे आणि आम्ही घरी जात असू. पण खरी माणसं त्यानंतरही जगतात. दोन वर्षांनी पावसात कुणीतरी छत्री न मिटता आमच्यासमोरून गेलं आणि मामंजी ओटीवरून कडाडले. मी आत पोळ्या लाटत होते. हातातलं लाटणं खाली ठेवलं. एवढं सगळं झालं, तरी? ती सगळी चढण, तो सांडलेला भात, कशासाठी मग? त्या क्षणी मला इतकं थकल्यासारखं वाटलं, की चुलीतला जाळ विझला तरी मी उठले नाही.

पुढे हळूहळू कळलं, की गर्व एका पडण्याने जात नाही. नखं काढली तरी पुन्हा वाढतात, तसाच तो वाढत राहतो. तो राजाही परत सिंहासनावर बसल्यावर कुणावर तरी खेकसला असेलच. मामंजी त्या दिवशी ओरडले खरे. पण संध्याकाळी स्वतःशीच पुटपुटले, "मिटली असती तर भिजला असता तो." त्यानंतरही ते अधूनमधून ओरडत, पण ओरडून झाल्यावर त्यांचा चेहरा पडत असे. पूर्वी पडत नसे. एवढाच काय तो फरक. आणि उताराची ती बाजू त्यांनी पुन्हा कधी परत घेतली नाही.

मामंजींना जाऊन आता काही वर्षं झाली. जाण्याआधीच्या हिवाळ्यातली एक दुपार आठवते. सासूबाई निजल्या होत्या. मी माजघरात मुलीला त्या राजाची गोष्ट सांगत होते. ती आता गोष्टीच्या वयाची झाली होती. सासूबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून हळू आवाजात सांगत होते. गोष्ट गवताशी आली आणि ओटीवरून हाक आली, "सूनबाई!"

मुलीला आतच बसवून मी दारात गेले. मामंजी झोपाळ्यावर होते. दृष्टी अधू झालेली, कान मात्र चांगले.

"कुणाची गोष्ट सांगत होतीस?"

"एका राजाची. शाळेत ऐकलेली."

"गवत खाणाऱ्या?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "हो," म्हटलं.

"मला सांग."

मी उभ्याउभ्याच सांगितली. झाड, स्वप्न, गच्चीवरचं बोलणं, रान, दंव, नखं. काही गाळलं नाही. गाळलं असतं तर त्यांना कळलं असतं. ते झोपाळा थांबवून ऐकत होते. राजाला शुद्ध आली, राज्य परत मिळालं, असं सांगून मी थांबले. मामंजींनी पायाने झोपाळ्याला हलका रेटा दिला.

मग म्हणाले, "त्याला रानात भात कोण नेऊन देत होतं?"

मी आठवून पाहिलं. "ते सांगितलेलं नाही, मामंजी."

"कुणीतरी नेत असणार. नुसत्या गवतावर माणूस जगत नाही."

"असेल."

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी चाचपडत झोपाळ्याजवळचा पाट ओढला आणि माझ्या दिशेने सरकवला.

"बस. किती वेळ उभी राहशील?"

त्या घरात सासऱ्यांसमोर सून बसत नसे. मी आत पाहिलं, सासूबाई अजून निजलेल्याच होत्या. मग पाट भिंतीशी ओढून बसले. बसल्यावर कळलं, पाय किती दुखत होते.